कुणाचा हात?

एका माळावरच्या गावात दोर वळणारा एक म्हातारा राहत होता, आणि त्याच्या कानात एक जुना आवाज राहत होता. ओला दोर दगडावर आपटला की होतो तसा. सप्प!

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. म्हातारा तेव्हा दहा वर्षांचा होता आणि गुरूपाशी बसून वाख वळायला शिकत होता. वाख म्हणजे अंबाडीच्या सालीचा धागा. एके दिवशी त्याने विचारलं, "दोर भिजला की जाड का होतो?" गुरूच्या हातात ओल्या दोराचं टोक होतं. त्याने ते गरकन फिरवलं आणि पोराच्या कानाजवळच्या दगडावर हाणलं. अंगाला काही लागलं नाही. पण पोराने तो प्रश्न गिळला, आणि त्याच्यामागून येणारे सगळे प्रश्नही गिळले.

गुरू गेला, आईबाप गेले, केस पांढरे झाले. म्हाताऱ्याने शाळा पाहिली नव्हती. बोलायचा कमी, आणि बोलायचा तेही इतकं सावकाश, की ऐकणाऱ्याला मध्येच एखादं काम आठवायचं. पण त्याचा दोर चांगला असे. त्याच्या दोराने बांधलेला बैल कधी सुटला नाही, की त्याच्या दोराला लावलेली घागर कधी विहिरीत राहिली नाही. सगळा गाव त्याला आबा म्हणे.

एका वर्षी दिवाळी होऊन गेली, अंबाडी कापून झाली, आणि एक बाई आबाच्या चिंचेखाली येऊन उभी राहिली. ती कासारीण होती, चाळिशीची. वीस वर्षं ती डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव हिंडली होती. बाईचा हात नुसता हातात घेतला की कोणत्या मापाची बांगडी बसेल ते तिला कळत असे. पण आदल्या साली तिचा नवरा गेला. तेव्हापासून बायका तिला ओट्यावर बसवत, पाणी देत, मुलाबाळांची चौकशी करत. हात मात्र पुढे करत नसत. पांढऱ्या कपाळाच्या बाईकडून चुडा कसा भरून घ्यायचा? तोंडावर कुणी काही बोललं नाही. ती आली की हात फक्त पदराखाली जात.

"आबा, मला दोर वळायला शिकवा," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने तिच्या हातांकडे पाहिलं. "हात सोलतील."

"बांगड्या फुटून वीस वर्षं कापलेत. सोलून आणखी काय होणार?"

"बस," म्हातारा म्हणाला.

ती बसली, आणि पहिल्याच दिवशी तिने विचारायला सुरुवात केली.

"आबा, अंबाडी ओढ्यात आठ-दहा दिवस कुजवायची कशाला? ताजीच सोलली तर?"

म्हाताऱ्याने एक ताजी काडी उचलून तिच्या हातात दिली. "सोल."

तिने ओढून पाहिलं. साल तुकड्या-तुकड्याने निघाली, हिरवी, चिकट. मग त्याने कुजवलेली काडी दिली. तिची साल खालपासून वरपर्यंत एका ओढीत सुटून आली. कासारीण ती साल उन्हात धरून बराच वेळ पाहत राहिली. "म्हणजे कुजतो तो डिंक, धागा नाही," ती म्हणाली. म्हाताऱ्याने मान हलवली. पन्नास वर्षं तो अंबाडी कुजवत होता, पण हे असं कुणी म्हणून दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात तिने विचारलं, "एकेक पदर उजवीकडे पिळायचा आणि तिन्ही मिळून डावीकडे. असं उलटंसुलटं का? सगळं एकाच बाजूला पिळलं तर काय बिघडेल?"

"पीळ," म्हातारा म्हणाला.

तिने सगळं उजवीकडे पिळलं आणि टोक सोडलं. दोर जमिनीवर सापासारखा वळवळला आणि क्षणात त्याचे तिन्ही पदर तीन दिशांना झाले. कासारीण खळखळून हसली. नवरा गेल्यापासून ती बहुधा पहिल्यांदाच हसली असेल, कारण हसून झाल्यावर तिने दचकून इकडेतिकडे पाहिलं.

म्हातारा सावकाश म्हणाला, "पदर सुटायला बघतो. दोरही सुटायला बघतो. पण दोघांची दिशा उलटी असली, की एक सुटायला गेला की दुसरा आवळतो. म्हणून धरून राहतात." इतकं लांब वाक्य बोलून त्यालाच दम लागला.

ती प्रत्येक गोष्ट मोजायची. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, आणि एका हाताची चोवीस बोटं. सगळा गाव याच मापाने मोजत असे. एकदा ती म्हणाली, "आबा, चार हात पदर घेतला की दोर तीनच हात भरतो. रोज बघते. एक हात जातो कुठे?"

"पिळात जातो."

"खरंच की," ती म्हणाली, "सरळ वाटेने न जाता वळणावळणाने गेला."

म्हाताऱ्याला या प्रश्नांची सवय होत गेली. सकाळी ती यायच्या आधी तो चिंचेखालची जागा झाडून ठेवू लागला. काही प्रश्नांची उत्तरं त्याला येत. काहींची येत नसत, तेव्हा तो म्हणायचा, "असंच असतं." ते ऐकून ती गालातल्या गालात हसायची. 'असंच असतं' म्हणजे आबांना ठाऊक नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

मग एक दिवस पाण्याच्या दगडी डोणीतून दोर बाहेर काढताना तिने तो चिमटीत दाबला आणि म्हणाली, "आबा, भिजला की दोर जाड होतो. हे जाड व्हायला येतं कुठून? लांबीतून तर जात नाही ना?"

म्हाताऱ्याच्या हातात दोराचं ओलं टोक होतं. त्याची मूठ आवळली. त्याच्या कानात आवाज झाला. सप्प! पन्नास वर्षांपूर्वी त्याने गिळलेला प्रश्न कुणीतरी त्याच्या पुढ्यात आणून ठेवला होता.

त्याने दोर आपटला नाही. तो तसा माणूस नव्हता. पण उत्तरही दिलं नाही. "असंच असतं," एवढंच म्हणाला आणि पाठ फिरवली. तो प्रश्न तिने त्याच्यापाशी पुन्हा काढला नाही.

चैत्र लागला. गावची थोरली विहीर आटत आली. दर तीन वर्षांनी तिचा गाळ काढत असत. त्यासाठी एक माणूस दोर धरून, कडेच्या दगडांना पाय लावत, तळापर्यंत उतरे. हे काम हैबतीचं होतं. या गोष्टीत एवढं एकच नाव आहे, आणि ते ऐकणाऱ्याने ध्यानात ठेवावं. हैबती तिशीचा, अंगाने काटक, बोलायला मोकळा. त्याच्या बापाने आणि आजानेही हेच काम केलं होतं.

विहिरीचा जुना दोर उंदरांनी कुरतडला होता. म्हणून पाटील हैबतीला आणि आणखी तिघाचौघांना घेऊन चिंचेखाली आले. पाटील चांगले उंचेपुरे होते. दारातून आत यायचं तर त्यांना वाकावं लागे.

"आबा, नवा दोर पाहिजे," पाटील म्हणाले. "विहीर मी स्वतः मोजली. सुतळीला दगड बांधून खाली सोडला, वर काढून सुतळी हाताने मोजली. साठ हात. शिवाय वर खांबाला बांधायला तीन. त्रेसष्ट हात दोर अक्षय्य तृतीयेच्या आत द्या."

म्हाताऱ्याने मान हलवली.

कासारीण बाजूला वाख विंचरत बसली होती. तिने वर पाहिलं आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "पाटील, साठ हात म्हणजे कुणाचे हात?"

"कुणाचे म्हणजे?"

"तुमचे, का आबांचे? जरा पुढे करता का तुमचा हात? बघते मापून."

मग मागे उभा असलेला एक जण फिस्सकन हसला. "पाटील, कासारीण हात मागतेय! करा पुढे, घ्या भरून हिरव्यागार!"

"सव्वादोनच्या होतील का, अडीचच्या लागतील?" दुसरा म्हणाला.

हैबतीही हसला. पुरुषाच्या हातात बांगड्या भरायची भाषा करणं म्हणजे त्याला सगळ्यांदेखत नामर्द म्हणणं. त्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कासारणीच्या मनात तसलं काहीच नव्हतं. तिने वीस वर्षं हजारो हात हाताळले होते, आणि कोणतेही दोन हात सारखे नसतात एवढंच तिला माहीत होतं. पण पाटलांचा चेहरा लाल झाला.

"मला बांगड्या भरतेस?"

"तसं नाही पाटील, मी मापाचं..."

"आबा!" पाटील म्हणाले. "ही तुमच्याकडे दोर वळायला येते, का गावाची थट्टा करायला?"

सगळे म्हाताऱ्याकडे पाहू लागले. तिने थट्टा केली नव्हती हे त्याला माहीत होतं. प्रश्न खरा होता हेही त्याला आत कुठेतरी जाणवलं. बैलाच्या दाव्याला हातभर कमी पडलं तर कुणी ओरडत नाही. घागरीच्या दोराला दुसरा तुकडा जोडता येतो. म्हणून पन्नास वर्षांत हा प्रश्न कधी आलाच नव्हता. पण पन्नास वर्षं दोर वळलेल्या माणसाने चार जणांत कसं म्हणायचं, की बाबांनो, हात म्हणजे कुणाचा हात, हे मलाही ठाऊक नाही?

नेहमी सावकाश बोलणारा म्हातारा त्या वेळी मात्र पटकन बोलला. "तू आपली वळत बस गं. लोकांचे हात बघायचे दिवस गेले तुझे."

सप्प!

कुणी काही आपटलं नव्हतं. तो आवाज एकट्या म्हाताऱ्याला ऐकू आला.

कासारणीने खाली मान घातली आणि वाख विंचरू लागली. पाटील शांत झाले, माणसं निघून गेली. म्हाताऱ्याला वाटलं, आता हिला काहीतरी बोलावं. पण काय बोलावं ते सुचेपर्यंत ऊन उतरलं आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली. रोज येत राहिली. पीळ घट्ट देई, पदर सारखे ठेवी, सांगितलेलं सगळं करी. फक्त विचारत काही नसे. चिंचेखाली आता पीळ देणाऱ्या फिरकीचा करकर आवाज तेवढा येई. म्हातारा मुद्दाम एखादी गाठ वेगळ्या तऱ्हेने मारून पाही, ती विचारील म्हणून. ती गाठ बघे, तशीच मारी, आणि पुढच्या कामाला लागे.

त्रेसष्ट हात दोर झाला. म्हाताऱ्याने तो स्वतःच्या हाताने मोजला, कारण आजवरचे सगळे दोर त्याने तसेच मोजले होते. तो ठेंगणा होता, आणि म्हातारपणी आणखी आखडला होता.

नवा दोर विहिरीत सोडायच्या आधी रात्रभर भिजवायचा, अशी तिकडची चाल होती. कोरडा वाख हाताला चरे पाडतो. भिजला की मऊ होतो आणि पीळ बसतो. उन्हं कलताना दोघांनी मिळून दोर डोणीत बुडवला. सकाळी तो बाहेर काढताना कासारणीचे हात थांबले. तिने दोराकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. तिचे ओठ हलले.

म्हाताऱ्याला कळलं, की हिला काहीतरी विचारायचं आहे. त्याने फक्त "काय गं?" म्हणायचं होतं. दोन शब्द. पण विहिरीवर गाव जमला होता, वाजंत्री वाजू लागली होती. आता काही निघालं तर सगळ्यांना थांबवावं लागलं असतं आणि कारण सांगावं लागलं असतं. म्हाताऱ्याने नजर दुसरीकडे वळवली. कासारणीने ओठ मिटले आणि दोराचं वेटोळं उचललं.

विहिरीवर दोराला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. तीन हात दोर खांबाला गुंडाळून बांधला, बाकीचा खाली सोडला. तळाशी काळोख होता, दोराचं टोक दिसत नव्हतं. हैबतीने कंबर कसली आणि म्हाताऱ्याकडे बघून हसला.

"आबा, तुमचा दोर म्हणजे डोळे मिटून उतरायचं!"

आणि तो उतरला. वरून त्याचं डोकं लहान होत गेलं, मग काळोखात दिसेनासं झालं. त्याच्या पायांखाली दगड खरवडल्याचा आवाज तेवढा येत होता. मग तोही थांबला.

मग धप्प झालं. आणि कितीतरी वेळाने, खोलातून, "आई गं..."

दोन जुने दोर जोडून दुसरा माणूस खाली उतरला. फळीला बांधून हैबतीला वर घेतलं. तो सांगत होता, "दोर संपला... हातातला दोरच संपला..." उजवा पाय गुडघ्याखाली वेडावाकडा झाला होता. हाडवैद्य आला. त्याने हाड बसवलं, पट्ट्या बांधल्या, आणि बाहेर येऊन पाटलांना म्हणाला, "जिवाची भीती नाही. पण हा गुडघा आता वाकायचा नाही. विहिरीत उतरणं संपलं."

संध्याकाळ व्हायच्या आत गाव विहिरीच्या कट्ट्यावर जमला. पाटलांनी ओला दोर वर ओढून घेतला आणि सगळ्यांसमोर आपल्या हाताने मोजला. पंचावन्न हात भरला.

"त्रेसष्ट सांगितले होते," पाटील म्हणाले. "आठ हात कमी. आबा, आठ हात गेले कुठे?"

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. "त्यांना काय विचारता? दोराला हात कुणाचा लागला ते बघा. पांढऱ्या कपाळाच्या बाईने दोर वळला, दुसरं काय होणार?"

"खरं आहे," कुणी म्हणालं. "तिला गावात ठेवूच नका."

"आजच जाऊ दे तिला. आबा भोळे, त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही."

कासारीण कडेला उभी होती. तिने मान खाली घातली नव्हती. म्हाताऱ्याला दिसलं, की तो नुसता गप्प बसला तरी त्याचं नाव वाचतं. पन्नास वर्षं गप्प राहायचीच तर त्याला सवय होती.

तो उठला. त्याला उठायला वेळ लागला, आणि बोलायला त्याहून जास्त. पण गावात तो असा कधी उभा राहिला नव्हता, म्हणून सगळे थांबले.

"एक सुतळी आणा," तो म्हणाला.

सुतळी आणली. म्हाताऱ्याने आपलं कोपर कट्ट्यावर टेकलं, हात पसरला. "पोरी, माप."

कासारीण जागची हलली नाही.

"तू मला विचारलं होतंस, कुणाचा हात," म्हातारा म्हणाला. "मला उत्तर येत नव्हतं. येत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून तुला बोललो. त्यात तुझं दुःख काढलं. पाटील, प्रश्न हिने तुमच्यासमोर विचारला होता. आपण सगळे होतो तिथे. थट्टा तिने केली नव्हती, आपण केली. माप गं. मग गावाला काय ते ठरवू दे."

कासारीण पुढे आली. तिने कोपरापासून बोटापर्यंत सुतळी धरली आणि खूण केली. मग ती पाटलांकडे वळली आणि सुतळी धरून उभी राहिली.

पाटलांनी तिच्याकडे पाहिलं. सगळा गाव पाहत होता. त्यांनी बाही वर सारली आणि, चुडा भरायला करतात तसा, हात तिच्यापुढे केला.

कुणी हसलं नाही.

तिने सुतळी लावली. पाटलांचा हात दोन बोटं लांब भरला.

"दोनच बोटं?" गर्दीतला एक जण म्हणाला. "दोन बोटांनी माणूस पडतो का?"

"एका हाताला दोन," कासारीण म्हणाली. महिनाभराने तिचा आवाज मोठा झाला होता. "दोर त्रेसष्ट हात. म्हणजे एकशे सव्वीस बोटं. चोवीस बोटांचा एक हात धरला, तर पाच हात आणि वर सहा बोटं. एवढा दोर वळलाच गेला नाही. तुमचे त्रेसष्ट वेगळे, आबांचे वेगळे."

"पाच झाले," पाटील म्हणाले. "आणखी तीन?"

"ते भिजण्यात गेले. मी माघ महिन्यात वीस हात दोर भिजवून बघितला होता. सकाळी एकोणीस भरला. विसाला एक, तर त्रेसष्टाला तीन." तिने सुतळी आधी आपल्या बोटाभोवती गुंडाळली, मग मनगटाभोवती. "बारीक मनगटाला दोरा कमी लागतो, जाडाला जास्त. दोर भिजून फुगला की प्रत्येक पिळाला लांबून फिरावं लागतं. मग लांबी पिळात जाते. जाड व्हायला येतं ते पाणी, पण आखूड होतो दोर."

म्हातारा तिच्या मनगटाकडे बघत होता. साठ वर्षांचं आयुष्य, आणि उत्तर इतकं जवळ होतं.

"पाच आणि तीन आठ," कुणीतरी हळूच म्हणालं.

"मला हे सकाळी ठाऊक होतं," कासारीण म्हणाली. "डोणीपाशी मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही."

"तुझं तोंड मी शिवलं होतं," म्हातारा म्हणाला. "आणि सकाळी तू बोलणार होतीस, तेव्हा मी मान फिरवली. मी पाहिलं होतं. दोष माझा आहे."

पुढे आलेली म्हातारी मागे सरली. त्या दिवशी कासारणीला कुणी जा म्हटलं नाही. ये, बस असंही कुणी म्हटलं नाही. पण ती राहिली.

दोन महिन्यांनी पाटलांनी पाथरवट बोलावला. गावात माप एकच असावं, म्हणून विहिरीच्या कट्ट्यावर एक हात कोरून ठेवायचं ठरलं. ज्याला दोर, खांब, भिंत, काहीही मोजायचं असेल त्याने इथे येऊन आपली काठी कापून न्यावी. पाथरवटाने छिन्नी काढली आणि विचारलं, "कुणाचा हात कोरू?"

सगळ्यांनी पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हातारा सावकाश म्हणाला, "मला ठाऊक नाही. तिला विचारा."

कासारणीने कट्ट्यावरून विहिरीत पाहिलं. मग तिने विचारलं, "कुणाचाही चालेल, एकच असला म्हणजे झालं. पण खाली कोण उतरतं?"

गर्दीच्या मागे, काठीवर भार देऊन, हैबती उभा होता. पाय घट्ट सरळ, न वाकणारा. माणसं बाजूला झाली. तो एकेक पाऊल टाकत पुढे आला. काठी कट्ट्याला टेकवून त्याने कोपर दगडावर ठेवलं आणि हात पसरला. पाथरवटाने कोपराशी एक रेघ मारली, मधल्या बोटाशी दुसरी, आणि छिन्नी चालू लागली. दोन्ही रेघा खोल होईपर्यंत हैबतीने हात हलवला नाही.

म्हातारा त्याच्याजवळ गेला. कितीतरी दिवस जुळवलेले शब्द त्याच्या तोंडात होते. "हैबती," तो म्हणाला, "माझ्या दोरावर डोळे मिटून उतरलास. मी चुकलो रे."

हैबतीने दगडावरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्याने काठी उचलली, तो वळला आणि चालू लागला.

तात्पर्य: नवशिक्याच्या प्रश्नाला हसण्याआधी त्याचं उत्तर आपल्याला येतं का, ते मनाशी बघावं, येत नसेल तर तसं त्याच वेळी सांगावं, कारण उशिरा सांगितलेलं खरं कुणाचा पाय परत देत नाही.